दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

इंटरनेटवर दोन शहरांची नावं टाकली की लगेच उत्तर येतं: अमुक किलोमीटर, तमुक तास. अंतराचा आकडा बहुधा बरोबर असतो. वेळेच्या आकड्यावर मात्र भरवसा ठेवता येत नाही, कारण बरीच साधनं अंतराला ८०० किंवा ८५० किमी प्रतितास अशा एका ठरलेल्या वेगाने भागतात, वर अर्धा तास मिळवतात आणि मोकळी होतात. जायचा आणि यायचा वेळ अगदी एकच दाखवला असेल, तर त्यात वारा धरलेलाच नाही हे खुशाल समजावं.

आधी आपल्याला नेमका कोणता वेळ हवाय ते ठरवा. चाकं धावपट्टी सोडतात तिथपासून ती परत टेकेपर्यंतचा तो हवेतला वेळ. विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा तो गेट ते गेट वेळ. याला विमान व्यवसायात ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर हाच छापलेला असतो. या दोहोंत सहज २५ ते ४५ मिनिटांचा फरक पडतो. घरातून निघून मुक्कामी पोहोचण्याचा वेळ हे तिसरंच प्रकरण. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहिला की हिशेब चुकल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो चुकलेला नसतो.

पुढे सगळीकडे सॅन फ्रान्सिस्को ते सिंगापूर हे एकच उदाहरण घेतलं आहे. अंतर मोठं, मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा, आणि वाऱ्याचा परिणाम स्वच्छ दिसतो, म्हणून.

विमानतळ नक्की कोणता

शहराच्या नावावर जाऊ नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड पाहा. लंडनला व्यापारी उड्डाणांचे सहा विमानतळ आहेत. टोकियोचे हानेडा आणि नारिता एकमेकांपासून सुमारे ६० किमीवर आहेत. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातही आहे, सॅन होजे कोस्टारिकात आहे आणि कॅलिफोर्नियातही. नावावरून शोधणारं साधन कुठला विमानतळ उचलेल याचा नेम नसतो.

कोड सापडला की त्याचे अक्षांश-रेखांश घ्या. ते दशांश अंशांत हवेत. इथे एक चूक वारंवार होते: ३७ अंश ३७ मिनिटं म्हणजे ३७.३७ अंश नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे ३७.६१७. ही एक चूक २७ किमीचा फरक पाडते. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे चिन्हाने लिहायचे.

सॅन फ्रान्सिस्को: अक्षांश ३७.६१९, रेखांश −१२२.३७५
सिंगापूर चांगी: अक्षांश १.३५०, रेखांश १०३.९९४

अंतराचा हिशेब

गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता बृहद्वृत्ताच्या कडेने जातो. बृहद्वृत्त म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून कापलं तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल ते. त्यासाठीचं सूत्र शाळेतल्या त्रिकोणमितीपलीकडचं नाही:

कोसाइन(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

आता आकडे घालू.

१. रेखांशांतला फरक: १०३.९९४ − (−१२२.३७५) = २२६.३६९. हा १८० पेक्षा जास्त आहे, म्हणून ३६० मधून वजा केला: १३३.६३१ अंश.

२. पहिला गुणाकार: ०.६१०४१ × ०.०२३५६ = ०.०१४३८.

३. दुसरा गुणाकार: ०.७९२०९ × ०.९९९७२ × (−०.६९००१) = −०.५४६४०.

४. बेरीज: −०.५३२०२. याचा उलटा कोसाइन घेतला की कोन मिळतो १२२.१४ अंश.

५. एका अंशाला १११.१९५ किमी. म्हणजे अंतर सुमारे १३,५८० किमी.

हा १११.१९५ आकडा आला पृथ्वीच्या ६,३७१ किमी या सरासरी त्रिज्येवरून. सागरी मैलांत हवं असेल तर किलोमीटरना १.८५२ ने भागा: सुमारे ७,३३० सागरी मैल. वैमानिक आणि उड्डाणाची कागदपत्रं सागरी मैलच वापरतात. अमेरिकन संकेतस्थळांवरचा साधा मैल मात्र १.६०९ किमीचा असतो. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असेल तर कोणता ते बघूनच पुढे जा. दोहोंत १५ टक्क्यांचा फरक आहे.

स्प्रेडशीटमध्ये हाच हिशेब करताना अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करून मगच साइन-कोसाइन काढायचे, कारण तिथली फलनं अंश ओळखत नाहीत. ही पायरी विसरली तर उत्तर काहीही येतं, आणि कधी कधी ते पटण्याजोगंही दिसतं. तेच खरं धोक्याचं. उणे चिन्ह विसरण्याचंही तसंच. वरच्या उदाहरणात सॅन फ्रान्सिस्कोचा रेखांश चुकून +१२२.३७५ टाकला तर अंतर येतं सुमारे ४,४५० किमी. आकडा एरवी अगदी सोज्वळ दिसेल, पण सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्कच ४,१५० किमी आहे हे माहीत असेल तर लगेच खटकेल. दुसरी सोपी कसोटी म्हणजे कमाल मर्यादा. पृथ्वीवरचे कुठलेही दोन बिंदू सुमारे २०,०१५ किमीपेक्षा दूर असूच शकत नाहीत. त्यापलीकडचं उत्तर आलं की सूत्रात घोटाळा आहे.

पृथ्वी पूर्ण गोल नाही: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवांकडे ६,३५७. त्यामुळे वरच्या सूत्रात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाचा वेळ काढायला एवढं चालतं. विक्रमाची नोंद किंवा सर्वेक्षण असं काही असेल तर लंबगोलावर चालणारी व्हिन्सेंटीची पद्धत घ्यावी. पण पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या बाजूंना असलेल्या बिंदूंवर तिचं गणित अडकतं, तिथे कार्नी यांची पद्धत कामाला येते.

नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका. भिंतीवरच्या नेहमीच्या मर्केटर नकाशावर सॅन फ्रान्सिस्को ते सिंगापूर सरळ रेघ ओढली, तर ती पॅसिफिकच्या मधोमध तिरकी खाली उतरते. त्या रेघेने उडालं तर सुमारे १४,२९० किमी होतात, म्हणजे सातशे किमी जास्त. खरा जवळचा मार्ग सॅन फ्रान्सिस्कोहून वायव्येला निघतो, ४७ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग जपानच्या दक्षिणेकडून खाली वळतो. हातात पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, हीच वाट दिसेल.

विमान त्या रेषेवरून जात नाही

बृहद्वृत्ताचं अंतर हा किमान आकडा. प्रत्यक्षात निघताना धावपट्टीच्या दिशेने उडून मग वळावं लागतं, उतरताना ठरलेल्या वाटेने यावं लागतं, मध्ये हवाई मार्ग आणि वादळं असतात. लांबच्या उड्डाणांना साधारण २ ते ५ टक्के जास्त धरावेत. आपल्या उदाहरणात ३ टक्के घेऊ: १३,५८० × १.०३ = सुमारे १३,९९० किमी.

पण हे टक्के सगळीकडे चालत नाहीत. मार्गात बंद हवाई हद्द आली की हिशेब पार बदलतो. हेलसिंकी ते टोकियो बृहद्वृत्ताने ८,००० किमीच्या आत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि साडेनऊ तासांचं हे उड्डाण तेरा तासांच्या आसपास गेलं. ज्या कंपन्यांना ती हद्द खुली आहे, त्या मात्र जवळच्या वाटेनेच जातात. म्हणून त्याच दोन शहरांना वेगवेगळ्या कंपन्यांचे वेळ दोन-दोन तासांनी वेगळे दिसले तर विमान हळू आहे असं समजू नका. विमानावर कोणत्या देशाचा झेंडा आहे ते बघा.

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ टप्प्यात हवा. ही मर्यादा विमान आणि कंपनीनुसार १२०, १८०, ३३० मिनिटं अशी असते. उत्तरेत याने आता फारसं अडत नाही. दक्षिण गोलार्धात, उदाहरणार्थ अंटार्क्टिकाच्या बाजूला झुकणाऱ्या सिडनी ते सँटियागो मार्गावर, यामुळे वाट उत्तरेला सरकू शकते.

वेग आणि वारा

मोठी लांब पल्ल्याची विमानं माक ०.८४ ते ०.८५ ने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगाने उडतात: बोइंग ७७७, ७८७, एअरबस ए३५०. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ घराणं माक ०.७८ च्या आसपास. त्या उंचीवर हवेचं तापमान साधारण उणे ५६ अंश सेल्सियस असतं आणि ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किमी. म्हणजे माक ०.८५ ला हवेतला वेग ९०३ किमी प्रतितास, माक ०.७८ ला ८२८. अंतर भागायला हेच आकडे घ्या. मात्र हा हवेच्या संदर्भातला वेग आहे, जमिनीच्या नव्हे. हवा स्वतःच वाहत असते.

मध्य अक्षांशांवर, दहा-बारा किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम हा वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो. हिवाळ्यात त्याच्या गाभ्यात ताशी २०० किमीच्या वर वारा ही नेहमीची गोष्ट. त्यामुळे पूर्वेकडे जाणारं विमान लवकर पोहोचतं आणि पश्चिमेकडचं रखडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये कीरा (Ciara) वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी त्याला सहा तासांच्या वर लागतात. जमिनीवरचा वेग ध्वनीच्या वेगाहून जास्त दिसला तरी विमान स्वनातीत झालेलं नसतं. भोवतालच्या हवेत ते आपल्या नेहमीच्याच वेगाने चाललेलं असतं.

हाताने हिशेब करताना संपूर्ण मार्गावरचा सरासरी वारा धरायचा, गाभ्यातला नव्हे. पूर्व-पश्चिम मार्ग मध्य अक्षांशांतून जात असेल तर हिवाळ्यात ५० ते १०० किमी प्रतितास, उन्हाळ्यात २० ते ५०. उत्तर-दक्षिण मार्ग किंवा विषुववृत्ताजवळचा मार्ग असेल तर ० ते २०. दक्षिण गोलार्धात ३० अंशांच्या दक्षिणेला वारा वर्षभर जोरात असतो, ऋतूचा फरक कमी. हे ठोकताळे आहेत, पण वारा अजिबात न धरण्यापेक्षा खूपच बरे.

सॅन फ्रान्सिस्को ते सिंगापूर मार्गाचा अर्धा भाग मध्य अक्षांशांत आणि उरलेला उष्ण कटिबंधात, म्हणून हिवाळ्यासाठी ५५ धरू.

सिंगापूरकडे जाताना समोरचा वारा: ९०३ − ५५ = ८४८; १३,९९० ÷ ८४८ = १६ तास ३० मिनिटं.
परत येताना पाठचा वारा: ९०३ + ५५ = ९५८; १३,९९० ÷ ९५८ = १४ तास ३६ मिनिटं.

जवळजवळ दोन तासांचा फरक. दोहोंची सरासरी काढून ‘वारा सोडून’चा वेळ मिळेल असं वाटतं, पण ती किंचित जास्तच येते. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, त्यामुळे वारा जाताना जेवढा खातो तेवढा येताना परत देत नाही.

इथे एक गोष्ट नवख्याला चकवते: सर्वांत जवळची वाट सर्वांत लवकरची असेलच असं नाही. उड्डाणाची आखणी करणारे वाऱ्याचा अंदाज पाहून रोज मार्ग बदलतात. सिंगापूर ते न्यूयॉर्क बृहद्वृत्ताने सुमारे १५,३५० किमी आहे आणि ती रेषा उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते. तरी सिंगापूरहून निघालेलं विमान बहुधा पॅसिफिक ओलांडतं. हजारभर किमी जास्त झाले तरी पाठीला वारा मिळतो. उत्तर अटलांटिकवर तर हे दोन दिशांचे मार्ग रोज नव्याने आखले जातात. म्हणून नकाशावर दिसणाऱ्या वळणावरून ‘विमान उगाच लांबून गेलं’ असा निष्कर्ष काढू नये.

जमिनीवरची मिनिटं

वर चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगाने जात नाही. त्यासाठी एकूण १० ते १५ मिनिटं मिळवा. निघताना गेटवरून ढकलून मागे काढणं, इंजिन सुरू करणं, रांगेतून धावपट्टीपर्यंत जाणं याला १५ ते २५ मिनिटं. उतरल्यावर गेटपर्यंत ५ ते १०, मोठ्या विमानतळांवर त्याहून जास्त. आपल्या उदाहरणात चढ-उताराचे १२ आणि जमिनीवरचे ३० धरले तर गेट ते गेट वेळ जाताना १७ तास १२ मिनिटं, येताना १५ तास १८ मिनिटं.

तिकिटावरचा वेळ याहून थोडा जास्त दिसेल. कंपन्या वेळापत्रकात मुद्दाम जास्तीची मिनिटं ठेवतात, कारण अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या व्याख्येनुसार १५ मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर धरलं जातं आणि वक्तशीरपणाचे आकडे जाहीर होतात. ‘वैमानिकाने वेळ भरून काढला’ असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा तो वेळ मुळातच वेळापत्रकात ठेवलेला असतो.

घड्याळाचा हिशेब

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या टाळण्याचा मार्ग एकच: निघण्याची वेळ आधी यूटीसीत, म्हणजे जगभर प्रमाण धरल्या जाणाऱ्या वेळेत न्या, तिच्यात उड्डाणाचा वेळ मिळवा, मग पोहोचण्याच्या ठिकाणच्या वेळेत आणा. दोन शहरांमधला फरक थेट मिळवायला-वजा करायला गेलं की चिन्ह चुकतं.

हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को यूटीसीच्या ८ तास मागे, सिंगापूर ८ तास पुढे. मंगळवारी रात्री २२:०० ला निघालात तर यूटीसीत बुधवार ०६:००. त्यात १७:१२ मिळवले: बुधवार २३:१२. सिंगापूरची वेळ गुरुवार ०७:१२. तिकिटावर याच्यापुढे ‘+२’ लिहिलेलं असतं. बुधवार कुठे गेला असं वाटतं, पण तो वाररेषेवर गेला.

परतीचं पाहा. गुरुवारी सकाळी ०९:०० ला सिंगापूरहून निघालात, म्हणजे यूटीसीत गुरुवार ०१:००. त्यात १५:१८ मिळवले: १६:१८. त्यातून ८ वजा केले: सॅन फ्रान्सिस्कोला गुरुवार ०८:१८. निघालात त्याच्या आधीच्या वेळेला पोहोचलात! तिकिटावरच्या दोन वेळा थेट वजा करून प्रवासाचा वेळ काढणाऱ्याला इथे उणे बेचाळीस मिनिटं मिळतात.

उन्हाळी वेळेकडे वेगळं लक्ष द्या. अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोघांमधला नेहमीचा फरक एका तासाने बदललेला असतो. शरद ऋतूत असंच पुन्हा होतं, युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे घेते. दक्षिण गोलार्धात सगळं उलट. म्हणून सिडनी आणि लंडनमधला फरक वर्षात ९, १० आणि ११ तास असा तिन्ही असतो. सिंगापूर घड्याळ बदलतच नाही. सगळे पट्टे पूर्ण तासांचे नसतात हेही लक्षात असू द्या: भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, नेपाळ पावणेसहा.

मध्ये थांबा असेल तर

थेट उड्डाण नसेल तर प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा करून बेरीज करा. पूर्ण अंतराला एकदाच भागून थांब्याचे तास वर मिळवले तर आकडा कमी येतो, कारण चढ-उतार आणि धावपट्टीची रांग प्रत्येक टप्प्याला नव्याने लागते. मधलं शहर वाटेत आहे का तेही तपासा: दोन्ही टप्प्यांची बेरीज थेट अंतराच्या सव्वापटीहून जास्त झाली, तर थांबा आडवाटेला आहे.

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तर विमानतळाने ठरवलेला किमान जोडणी वेळ पुरतो आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घेऊन बाहेर येणं, सीमा ओलांडण्याची तपासणी आणि पुन्हा चेक-इन हे सगळं स्वतःला करावं लागतं. त्यासाठी तीन तास कमी पडू शकतात, चार-पाच ठेवावेत. विमानतळच बदलायचा असेल तर त्याहून जास्त.

ताळा कसा पाहायचा

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या उड्डाणाचा क्रमांक टाकून मागची दहा-पंधरा उड्डाणं पाहा. निघाल्यापासून टेकेपर्यंतचा खरा वेळ तिथे मिळतो. सरासरी काढू नका, वेळा चढत्या क्रमाने लावून मधली घ्या. एखादं विमान वादळामुळे तासभर घिरट्या घालत बसलं असेल तर सरासरी बिघडते. आपल्या हिशेबाशी फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर काम झालं. त्याहून जास्त असेल तर आधी मार्गाचा नकाशा उघडा. बहुतेक वेळा तिथे बंद हवाई हद्दीला घातलेला वळसा दिसतो. तसा तो नसेल तर वारा चुकला आहे, म्हणून तोच क्रमांक सहा महिन्यांपूर्वीच्या तारखांना उघडून पाहा आणि जानेवारीच्या प्रवासासाठी जुलैचा वेळ धरलेला नाही ना, याची खात्री करा.